जिन्यातला अंतिम सामना

"त्या बाईला चित्रपटातलं काही कळत नाही, असं मी म्हणत नाही," मोबाइलवरची नजर न काढता पोंपिलियू म्हणाला. "पण डॉक्टरने अर्ध्या नदीतूनच मागे फिरायला हवं होतं म्हणे. मग चित्रपट कशाला काढायचा? एक पत्र टाकलं असतं तरी भागलं असतं."

वेतूरिया नुकतीच आत आली होती. चार मजले चढून आल्यावर ती आधी दाराच्या चौकटीला टेकायची आणि श्वास जागेवर आला की मगच पिशव्या खाली ठेवायची. आज एका पिशवीत बटाटे होते, दुसरीत त्याची औषधं, आणि काखेत ती काम करायची त्या बेकरीत उरलेला सकाळचा पाव.

"कोण बाई?" तिने विचारलं.

"स्मारांदा. गालात्सची."

"जेवलास का?"

"उपांत्य फेरी चाललीय, वेतूरिया."

"असू दे. सूप गरम करून घ्यायला ती कुठे आडवी आली?"

त्याला ते ऐकूच गेलं नव्हतं. त्याच्या पडद्यावर त्या क्षणी जर्मनीतला एक ट्रकवाला रस्त्याकडेला गाडी उभी करून एका कंदिलाविषयी लांबलचक परिच्छेद लिहीत होता. डॉक्टरच्या हातातला कंदील गोठलेल्या नदीच्या मध्यावर विझतो. तो वाऱ्याने विझतो की डॉक्टर मुद्दाम विझवतो, यावरून दुपारपासून रण माजलं होतं.

पोंपिलियूने ब्राइला शहरात वीस-बावीस वर्षं ट्राम चालवली. बोलका माणूस. थांब्यावर धावत येणाऱ्या बायांसाठी जरा जास्त थांबणारा, आणि त्यापायी साहेबांची बोलणी खाणारा. पुढे साखर वाढली, अंगठ्याला साधी जखम झाली, ती चिघळत गेली आणि डॉक्टरांनी उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढला. चाकांची खुर्ची मिळाली. घरात ती स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत जायची. दाराबाहेर जिना होता. ही इमारत बांधली त्या काळात चार मजल्यांना लिफ्ट ठेवत नसत. चार मजले माणूस चढतोच, असं तेव्हा सगळ्यांनी धरलं होतं. तेव्हापासून पोंपिलियू खाली उतरला तो फक्त रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरवरून, तोही डोळे मिटून.

मुलगी इटलीत म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची. तिने मोबाइल पाठवला, आणि त्या मोबाइलवर त्याला 'सातवी रांग' सापडली. जुन्या चित्रपटांवर बोलणाऱ्यांचा गट. काही दिवस त्याने नुसतं वाचलं. मग एकदा त्याने सुचवलं की नुसत्या गप्पा काय मारायच्या, स्पर्धा लावू. चौसष्ट चित्रपट घ्यायचे, चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या, रोज एक सामना, रोज मतदान, हरला तो बाहेर. सगळ्यांनी 'लाव तूच' म्हटलं आणि त्याने लावली.

त्या कामात त्याचा हात बसला. प्रत्येक सामन्याच्या सकाळी तो कुस्तीच्या फडावर पुकारा करावा तसं लिहायचा. कोण कुणाशी भिडतोय, कुणाचं वजन कशात आहे, कुणाचा गुडघा कच्चा आहे. भांडण पेटवायचं कसं हे त्याला कळायचं आणि ते घाणीत जायच्या आधी आवरायचं कसं, हेही. यासीची एक शाळामास्तरीण एका दिवसात तीनदा मत बदलायची आणि दर वेळी नवं कारण द्यायची. दोन सख्खे भाऊ, जमिनीवरून वर्षानुवर्षं अबोला धरलेले, एका चित्रपटातला सुरुवातीचा कुत्रा आणि शेवटचा कुत्रा एकच आहे का यावर इतके भांडले की शेवटी एकाने दुसऱ्याला फोन केला. पोंपिलियूला त्या आठवड्यात झोपेतसुद्धा हसू यायचं.

फक्त एक गोष्ट त्याने तिथे सांगितली नव्हती. गटात त्याचं नाव 'ट्रामवाला' होतं आणि तो लिहायचा ते असं: 'आज शेवटच्या थांब्यावर कॉफी घेता घेता निकाल मोजतोय.' किंवा, 'कामावरून चालत घरी येताना सुचलं.' सुरुवातीला सवयीने लिहिलं गेलं. मग ते मागे घेण्यासारखं राहिलं नाही.

त्या स्पर्धेत डॉक्टर उपांत्य फेरी जिंकला. 'पलीकडच्या काठावरचा डॉक्टर' असं त्या चित्रपटाचं नाव. अंतिम सामन्यात त्याच्यासमोर आला 'नवरदेवाला उशीर होतो', हा लग्नघरातला विनोदी चित्रपट. नवरदेवाचा पत्ता नसतो आणि पाहुणे उठून जाऊ नयेत म्हणून सासरा त्यांना खाऊ घालत सुटतो. गटात आनंदीआनंद झाला. आणि त्या धांदलीत स्मारांदाने लिहिलं, 'अंतिम सामना असा मोबाइलवर नको. ब्राइलात पेन्शनरांच्या मंडळाचा हॉल मिळतोय, पडदा आहे. आपण जमेल तेवढे जण जमू. रविवारी दुपारी. ट्रामवाल्यांच्या गावातच आहे, तेव्हा सूत्रं त्यांच्याकडे.'

त्याने लिहिलं, 'रविवारी माझी पाळी असते.'

'सुट्टी काढा,' तिने लिहिलं. 'तुमच्यावाचून ट्राम रुळावरून उतरायची नाही.'

त्याखाली भराभर टाळ्यांचे हात उमटले. फोक्शानहून तिघं निघणार होते. मास्तरीण रेल्वेचं तिकीट काढून मोकळी झाली होती.

संध्याकाळी त्याने वेतूरियाला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. पेन्शनरांचं मंडळ त्यांच्या घरापासून दोन थांब्यांवर.

"त्यांना सांगितलंयस?" तिने विचारलं.

"काय?"

"पायाचं."

त्याने मोबाइल मांडीवर पालथा घातला.

"म्हणजे तिथे तू चालतोस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आणि मी? मी आहे का तिथे?"

त्याने आठवून पाहिलं. कंदिलावर त्याने पानंच्या पानं लिहिली होती. बायकोचा उल्लेख एकदाही आला नव्हता.

"तसा विषय निघाला नाही," तो म्हणाला.

"नाही ना निघाला. मी आत आले की तू मोबाइल पालथा घालतोस. बाहेरून तुझं हसणं ऐकू येतं मला, जिन्यात. शेवटच्या मजल्यावर मी जरा थांबते, कारण दार उघडलं की ते बंद होतं." तिने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "जाऊ दे. रविवारी किती वाजता आहे ते?"

"मी नाही म्हणून कळवतो."

"किती वाजता आहे, विचारलं मी."

बाकीचं सगळं तिनेच जमवलं. तिसऱ्या मजल्यावरचा हारालांब नळजोडणीची कामं करायचा, दणकट गडी होता. दुसऱ्या बाजूला तिचा भाऊ फानेल. दोघं साध्या लाकडी खुर्चीत बसवून पोंपिलियूला खाली नेतील, चाकांची खुर्ची मागून येईल, फानेलच्या गाडीतून हॉलपर्यंत. तिने त्याचा पांढरा शर्ट इस्त्री केला. शनिवारी बेकरीतून परवानगी काढून अक्रोड घातलेले दोन मोठे गोड पाव भाजून आणले. "रिकाम्या हाताने कसं जायचं लोकांत," असं पुटपुटत तिने ते फडक्यात बांधले.

रविवारी जेवणं झाल्यावर हारालांब आणि फानेल आले. वेतूरियाने निळा पोशाख घातला होता. तो पोंपिलियूने बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. दोघांनी त्याला लाकडी खुर्चीत बसवून छातीवरून पट्टा आवळला.

"घट्ट धरून बस, भाऊजी," फानेल म्हणाला. "आणि मधेच भाषण नको."

चौथा मजला उतरला. तिसरा उतरला. माणूस उलटा बसून जिना उतरतो तेव्हा त्याला फक्त मागे राहिलेलं दिसतं. पोंपिलियूला आपल्या घराचं दार वर वर जाताना दिसलं आणि मग दिसेनासं झालं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खालच्या बाजूला असलेल्या हारालांबच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

"थांब," तो म्हणाला. "ठेव. हळू ठेव. कंबर गेली."

त्यांनी खुर्ची दुसऱ्या मजल्यावरच्या मोकळ्या जागेत ठेवली. हारालांब भिंतीला धरून आधी बसला, मग तिथेच फरशीवर उताणा झाला. त्याला हलताही येईना. फानेलने एकट्याने खुर्ची उचलून पाहिली, जमणार नव्हतं. वर नाही आणि खालीही नाही.

"गॅरेजमधला मिर्चा असेल घरी. मी त्याला घेऊन येतो," फानेल म्हणाला आणि पायऱ्या उतरत गेला. खाली बाहेरचं दार उघडून आपटल्याचा आवाज आला. पोंपिलियूला उन्हाची एक पट्टी क्षणभर भिंतीवर दिसली.

मोबाइल वाजला. स्मारांदाने लिहिलं होतं: 'सगळे जमले. दोन्ही चित्रपटांचे शेवटचे भाग दाखवून होतायत. कुठे आहात?'

त्याने लिहिलं, 'ट्राम बंद पडलीय. वीज गेली.'

लगेच उत्तर आलं. 'आम्ही आत्ता ट्रामनेच आलो. व्यवस्थित चालू आहेत.'

वेतूरिया एका पायरीवर बसली होती, मांडीवर पावांचं गाठोडं घेऊन. तिने विचारलं नाही, पण त्याने मोबाइल तिच्यासमोर धरला. तिने वाचलं.

"आता?" ती म्हणाली.

तो बराच वेळ बोटं पडद्यावर धरून बसला. मग त्याने लिहिणं सोडलं आणि सरळ फोन लावला. इतक्या दिवसांत स्मारांदाचा आवाज त्याने ऐकला नव्हता. तो अपेक्षेपेक्षा म्हातारा निघाला, सिगारेटने खरखरलेला.

"मी ट्रामवाला," तो म्हणाला. "मी ट्राम चालवत नाही. चालवायचो. मला एक पाय नाही, बाई. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि मी खाली उतरत नसतो. आज उतरवत होते, तर उचलणाऱ्याची कंबर धरली. मी जिन्यात अडकलोय."

पलीकडे हॉलचा गलबला ऐकू येत होता.

"कितव्या मजल्यावर?" तिने विचारलं.

"दुसऱ्या."

"बसायला आहे काही?"

"खुर्चीतच आहे."

"मग अडलंय कुठे? इथे निम्मे लोक उभे आहेत. मी फोन माइकपाशी धरते. सामना सुरू करा."

एवढ्यात डाव्या हाताचं दार उघडलं आणि पारास्किवाकाकूंनी डोकं बाहेर काढलं. त्या ऐंशीच्या घरातल्या.

"पोंपी? तू आहेस होय?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं तू पोरीकडे इटलीला गेलास. ही एकटीच दिसायची ना पिशव्या घेऊन येता-जाताना. मी म्हटलं, बिचारीला टाकून गेला."

वेतूरिया खाली बघत राहिली. पोंपिलियूने मोबाइल तोंडाशी धरून पुकारा सुरू केला. आधी आवाज चिरका निघाला. मग शेवटच्या थांब्याआधीच्या उतारावर ट्राम जशी आपसूक वेग धरायची तसा तो लागला. इकडच्या कोपऱ्यात नवरदेव, दोनशे पाहुण्यांचं जेवण पोटात घेऊन. तिकडच्या कोपऱ्यात डॉक्टर, सबंध हिवाळा दुसऱ्या बाईच्या घरी काढून बर्फावरून परत येणारा. हॉलमध्ये हशा पिकला. तो हशा जिन्यात घुमला.

"डॉक्टरला मत," पारास्किवाकाकू दारातूनच म्हणाल्या. "काय देखणा होता मेला."

"देखणा असून काय करायचंय," हारालांब फरशीवरून म्हणाला. त्याला मान वळवता येत नव्हती; तो छताशी बोलत होता. "माणूस आठवडाभर राबतो आणि रविवारी बायकोला घेऊन सिनेमाला जातो. तिथे पण बर्फ आणि रडारड? नवरदेवात सासरा बकरी लपवतो तेव्हा मी खुर्चीवरून पडलो होतो."

"आज पण पडलासच की," काकू म्हणाल्या.

पहिल्या मजल्यावरचं जोडपं आवाज ऐकून वर आलं. त्यांनी डॉक्टर पाहिला नव्हता, पण बकरीबद्दल दोघांचं मत पक्कं होतं. हॉलमधून यासीची मास्तरीण बोलली, ट्रकवाल्याने जर्मनीहून लिहून पाठवलेलं कुणीतरी वाचून दाखवलं. काकूंनी सूर्यफुलाच्या बियांची वाटी फिरवली. पोंपिलियू एकाला थांबवत होता, दुसऱ्याला डिवचत होता. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, छातीवरचा पट्टा काचत होता, आणि तो सोडायचं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

शेवटी वाद येऊन थांबला तो दारापाशी. चित्रपटाच्या शेवटी डॉक्टर पहाटे घराचं दार ठोठावतो. बायको दार उघडते. ती काही बोलायच्या आत पडदा काळा होतो.

"तिने त्याला क्षमा केली," मास्तरीण म्हणाली. "म्हणून तर तो महान चित्रपट."

"क्षमा कसली," स्मारांदा म्हणाली. "तोंडावर चार शब्द सुनवायला दार उघडलंय तिने. आपल्याला ते ऐकवत नाहीत एवढंच. पळपुटेपणा आहे दिग्दर्शकाचा."

दोन्हीकडून आरडाओरडा झाला. तो ओसरला तेव्हा वेतूरिया बोलली. पायरीवर बसूनच, जरा हळू, गाठोड्याच्या गाठीशी चाळा करत.

"बाहेर थंडी आहे म्हणून ती दार उघडते."

जिन्यात सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"काय म्हणाल्या?" फोनमधून आवाज आला. "पुन्हा सांगा. कोण बोलतंय?"

पोंपिलियूने मोबाइल तिच्यासमोर धरला. ती आधी मागे सरली. मग म्हणाली, "बाहेर थंडी आहे. माणूस दारात उभा आहे. दार उघडायला दुसरं कारण कशाला लागतं? त्यात क्षमा कुठून आली? रागावली असेल तर तो राग आहेच. तो काही जात नाही. उद्या सकाळी पण असेल. पण आधी दार तर उघडायलाच लागतं ना. रोज लागतं."



"कोण आहेत या?" स्मारांदाने विचारलं.

"माझी बायको," पोंपिलियू म्हणाला. "वेतूरिया. हा चित्रपट आम्ही लग्नाआधी बरोबर पाहिला होता, नदीकाठच्या उघड्या थिएटरात. त्या दिवशी तिने मला काहीच सांगितलं नव्हतं, कसा वाटला ते."

"तू विचारलं नव्हतंस," वेतूरिया म्हणाली. "तूच बोलत होतास."

मतदान झालं. हात वर करून, तिकडे आणि इकडेही. हारालांबने आडवा असतानाच एक हात वर केला. थोडक्या मतांनी नवरदेव जिंकला. पहिल्या मजल्यावरच्या जोडप्याने टाळ्या वाजवल्या.

"ट्रामवाले," फोनवरून स्मारांदा म्हणाली, "मी आयुष्यात पहिल्यांदा मत बदललं. तुमच्या बायकोमुळे डॉक्टरला दिलं. आणि तरी हरले. आता तुम्ही येताय का? चहा ठेवलाय."

त्याच सुमाराला फानेल मिर्चाला घेऊन आला. दोघंही धापा टाकत होते.

"चल भाऊजी, दोनच मजले राहिलेत," फानेल म्हणाला.

पोंपिलियूने खाली पाहिलं. खालचं दार कुणीतरी विटेने उघडं धरून ठेवलं होतं. रस्त्याचा एक चौकोनी तुकडा दिसत होता, आणि झाडाची सावली, आणि फानेलच्या गाडीचा मागचा भाग. मग त्याने फरशीवर पडलेल्या हारालांबकडे पाहिलं. खाली नेलेलं पुन्हा वर आणावं लागणार होतं, सगळे चार मजले. मिर्चा हडकुळा होता.

"आपण वर जाऊ," तो म्हणाला.

"अरे, दोनच मजले," वेतूरिया उठून उभी राहिली. "निदान दारापर्यंत चल. ऊन तरी लागेल अंगाला."

"तू जा."

"मी कुठे?"

"हॉलवर. पाव घेऊन जा. त्या लोकांनी तिकिटं काढलीत, कुणीतरी जायला हवं." तो पट्ट्याशी झटापट करत होता, तो सैल होत नव्हता, आणि तिने खाली वाकून सैल केला. तिचं तोंड त्याच्या तोंडाजवळ होतं तेव्हा तो म्हणाला, "जा, वेतूरिया. तुझा पोशाख चांगला दिसतोय."

तिने काही क्षण त्याच्याकडे पाहिलं. मग गाठोडं उचललं, भिंतीला हात न लावता दोन मजले उतरली आणि त्या चौकोनातून बाहेर पडली.

त्याला वर आणायला वेळ लागला. प्रत्येक वळणावर थांबावं लागलं. घरात आल्यावर फानेलने त्याला चाकांच्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि हारालांबला बघायला खाली गेला. पोंपिलियूने मोबाइल चार्जरला लावला. गटात हॉलचे फोटो यायला लागले होते. एका फोटोत कापलेला गोड पाव होता, आणि कडेला निळ्या बाहीचा हात. चेहरा चौकटीत आलाच नव्हता.

तो गॅलरीत जाऊन बसला. ऊन तिरपं झालं होतं. लिंडनच्या झाडांखाली ट्रामचा थांबा, त्याच्या पलीकडे बंद पडलेलं पादत्राणांचं दुकान. किती वेळ गेला त्याने पाहिलं नाही. मग मंडळाच्या बाजूने पाच-सहा माणसं चालत येताना दिसली. दोन थांबे ती चालतच आली होती. मधोमध वेतूरिया होती. तिच्या शेजारी एक बुटकी म्हातारी, हातात सिगारेट. थांब्याशी येऊन ती सगळी थांबली, निरोप घ्यायला म्हणून, आणि निरोप घ्यायचा सोडून पुन्हा बोलायला लागली.

चौथ्या मजल्यावर शब्द पोचत नव्हते. वेतूरियाचे हात दिसत होते. तिच्या हातात पिशवी नव्हती, आणि ते हात हवेत कधी न पाहिलेल्या रीतीने हलत होते. म्हातारीने काहीतरी म्हटलं. वेतूरियाने मान जोरात हलवली, एक पाऊल मागे घेतलं आणि रस्त्यातच, न दिसणारं एक दार उघडून दाखवलं. फोक्शानचे असतील ते तिघं हसले. तीही हसली. ते हसणं त्याला वरून दिसलं. ऐकू आलं नाही.

एक ट्राम आली. दारं उघडली. चालकाने वाट पाहिली, नियमापेक्षा जरा जास्तच. कुणी चढलं नाही. ट्राम निघून गेली, बोलणं चालूच राहिलं.

तिने एकदा वर पाहिलं. पोंपिलियूचा हात कठड्यावर होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, आणि तिचं बोलणं थांबलं असतं. रस्ता शांत होता.

त्याने खुर्ची हळूच मागे घेतली, तिला तो दिसणार नाही इतकी.